डॉज वेपन कॅरियरला नवीन अ‍ॅक्सल आणि डिझेल इंजिन: १४ महिने चालवल्यानंतर

आमचा डॉज डब्ल्यूसी-५१, ज्याला घरात सगळे नुसतं "वेपन" म्हणतात, तो दुसऱ्या महायुद्धातला पाऊण टनी ट्रक. आजोबांनी बेळगावातल्या एका डिस्पोजलवाल्याकडून घेतला, आधी लाकडं ओढायला आणि मग गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या कुळागरातली (बागायतीतली) सुपारी-नारळ काढायला. मागच्या वर्षी त्याला लँड क्रूझर ८० सिरीजचे दोन्ही अ‍ॅक्सल आणि डीसीएम टोयोटाचं १४बी डिझेल बसवलं. १४ महिन्यांत ६,२०० किलोमीटर झाले, त्यात एक अख्खा पावसाळा आणि चोर्ल्याचा घाट बरेचदा.

आधी एक गोष्ट, कारण हे वाचून कुणी चांगली गाडी कापू नये असं मनापासून वाटतं. तुमचं मूळ इंजिन चालू असेल तर हात लावू नका. माझ्या इंजिनाचा ब्लॉक (मुख्य ओतीव भाग) दोनदा शिवलेला आणि परत तडकलेला होता म्हणून हा मार्ग धरला. २०२१ च्या नियमाप्रमाणे ५० वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, व्हीए वाला नंबर मिळतो, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं, पण चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसला पाहिजे. म्हणजे आम्ही त्या दारातून बाहेर पडलो. बदलाची परवानगीसुद्धा आधी आरटीओत घ्यायची, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, काम करून मग कागद घेऊन गेलात तर फार त्रास होतो. चॅसीला मी एकही कट मारू दिला नाही, सगळे ब्रॅकेट बोल्टवर आहेत.

आमचे मेस्त (मिस्त्री) कुडचड्याचे, मायनिंगच्या टिपरवर आयुष्य काढलेले. मी इंजिनाबद्दल बोलायला गेलो तर त्यांनी मला थांबवून एवढंच सांगितलं, "पयलीं ब्रेक, मागीर इंजीन", म्हणजे आधी ब्रेक, मग इंजिन. तेव्हा पटलं नव्हतं, आता शंभर टक्के पटतं. या ट्रकला मुळात चारही चाकांना ड्रम, ब्रेकची लाईन एकच, कुठेही तेल गळलं तर सगळंच गेलं, आणि ओहोळातून बाहेर आलात की पहिले दोन-तीन ब्रेक लागतच नाहीत. ९२ हॉर्सपॉवरवर ते चालून जात होतं. त्याच ब्रेकवर जास्त दमाचं इंजिन घालून भरलेला ट्रक चोर्ल्याहून केरीला उतरवायचा म्हणजे जीवाशी खेळ आहे.

चारही चाकांना डिस्क असलेली अ‍ॅक्सलची जोडी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळाली, दोन्हींचा रेशो ४.१०, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टचे ४.१० फेरे. पुढचा-मागचा रेशो एकच आहे हे स्वतः दांडा फिरवून मोजून घ्या, कुणाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, डॉजपेक्षा पाचेक सेंटीमीटर कमी आहे, उभ्या ट्रकला ते जाणवत नाही. डॉजच्या पाच बोल्टच्या रिमा बसत नाहीत, सहा बोल्टच्या १६ इंची रिमा केल्या आणि ९.००-१६ ऐवजी ७.५०-१६ टायर घातले, कारण ते कुठेही मिळतात. दिसायला ट्रक थोडा बसल्यासारखा वाटतो, ते मला अजून खटकतं.

खरं डोकं खाल्लं ते स्प्रिंगच्या बैठकांनी. ८० सिरीजला कॉइल स्प्रिंग, आपल्याला पाटे (लीफ स्प्रिंग), म्हणजे जुने ब्रॅकेट घासून काढायचे आणि नळीवर पाट्यांच्या बैठका वेल्ड करायच्या. एका वर्कशॉपने त्या डोळ्यांच्या अंदाजाने लावल्या आणि कॅस्टर (चाकं सरळ धरून ठेवणारा, स्टिअरिंगच्या धुरीचा मागे झुकलेला कोन) कमी पडला. ४० पर्यंत ठीक, ५० च्या वर स्टिअरिंग सैल तरंगायला लागलं, सरळ रस्त्यावर सारखी दुरुस्ती करत बसायचं. पाट्याखाली पाचरी घालून सुधारलं, पण पाचर घातली की पिनियनचा (प्रॉपेलर शाफ्ट जिथे येऊन जोडतो त्या दात्याचा) कोनही फिरतो आणि प्रॉपेलर शाफ्ट थरथरतो, दोन्हीच्या मधलं सापडायला तीन खेपा लागल्या. तर आधी नुसते टाके मारून ट्रक चाकांवर उभा करा, कोन मोजा, मगच पूर्ण वेल्डिंग, तेही थोडं थोडं थांबून, नाहीतर नळी वाकते. डॉज लेफ्ट हँड आणि अ‍ॅक्सल राईट हँड गाडीचा, त्यामुळे नकलवरचा (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या सांध्यावरचा) स्टिअरिंगचा आर्म लेफ्ट हँडवाला शोधून बदलला. जुनाच आर्म कापून जोडून देतो असं एकाने सांगितलं होतं. स्टिअरिंगच्या भागाला वेल्डिंग करू देऊ नका, कितीही वेळ लागला तरी.

आता माझी चूक. मूळ अ‍ॅक्सलचा रेशो ५.८३, डॉजचा पहिला गिअर ६.४०, म्हणजे पहिल्यात सगळं मिळून ३७ च्या वर. या ट्रकच्या ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याला) लो, म्हणजे संथ गिअर, नाहीच, सगळा संथपणा त्या दोन आकड्यांतून येतो. ४.१० घातल्यावर तोच गिअर धरला तरी २६, आणि माझ्या नव्या पाच गिअरच्या बॉक्सचा पहिला तेवढाही खोल नाही. रस्त्यावर मजा आली, ६० ला इंजिन शांत, पूर्वी त्या स्पीडला ओरडायचं. पण कुळागरातून वर येणारा चिऱ्याचा चढ आहे, ओला असला की पाय घसरतो असा, तिथे पोती भरून चढवताना क्लच अर्धा दाबून ठेवावा लागायचा, आणि जुलैत क्लच प्लेट जळाली. आठव्या महिन्यात दोन स्पीडचा ट्रान्सफर केस बसवला. आता लो टाकला की क्लच पूर्ण सोडून चढतो. हे गणित कागदावर पाच मिनिटांचं होतं आणि मला ते क्लच जळल्यावर सुचलं.

इंजिनाबद्दल तक्रार नाही. ३.७ लिटर, चार सिलिंडर, खाली दम भरपूर, लिटरला ८-९ देतं जिथे जुनं ४ देत नव्हतं. ६ व्होल्टचं वायरिंग काढून १२ व्होल्ट केलं. डिझेलला पेट्रोलसारखा इनटेकमधून व्हॅक्यूम मिळत नाही, ब्रेक बूस्टरसाठी पंप लागतो, तो या इंजिनात अल्टरनेटरला जोडलेला आहे, म्हणजे बेल्ट तुटला की चार्जिंगबरोबर ब्रेकची मदतही जाते. एक जादा बेल्ट कायम सीटखाली. थरथर मात्र आहे, रेडिएटरच्या सपोर्टला दोनदा तडा गेला, मग रबर माउंट मऊ घातले. आणि सहा सिलिंडरचा तो गुळगुळीत आवाज गेला, बाबा अजून म्हणतात की ट्रक आला हे आता गेटवर कळत नाही.

पावसाळ्यात म्हादई भरलेली असताना एका ओढ्यातून तीन-चार वेळा काढला, पाणी हबच्या वर. ऑगस्टमध्ये पुढची नकल उघडली तर ग्रीस दुधासारखं पांढरं. बसवताना वायपर सील (नकलमध्ये पाणी-माती जाऊ न देणारे) जुनेच ठेवले होते, म्हणून पाणी आत गेलं. नकलच्या आतले बर्फील्ड जॉइंट, म्हणजे वळलेलं चाकही फिरवणारे सांधे, वाचले हे नशीब. डिफच्या (डिफरन्शियलच्या) ब्रीदरला, म्हणजे हवा जायच्या भोकाला, पाईप लावून वर बोनेटपर्यंत नेला आहे, ते पहिल्याच दिवशी करा, गरम डिफ थंड पाण्यात गेला की आत पाणी ओढतो.

पाऊस लागायच्या आधी, मेमध्ये, नकल परत उघडणार, नवीन सील आणून ठेवलेत. मूळ दोन्ही अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि तडकलेलं इंजिन ग्रीस लावून गोठ्याच्या मागे फळ्यांवर ठेवलंय. त्या सहा सिलिंडरचा, २३० क्युबिक इंचाचा, न तडकलेला ब्लॉक गोव्यात किंवा बेळगाव-कोल्हापूरच्या बाजूला कुणाकडे पडून असेल तर सांगा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.