तीन वर्तुळं आणि आमचा धंदा

बाबा, मी आणि धाकटा, तिघं एकाच धंद्यात. उभी हयात व्यवस्थापन शिकवण्यात गेलेले एक प्राध्यापक घरच्या धंद्यांना सल्ला देतात असं कळलं, म्हणून गेलो. वाटलं, ताळेबंद मागतील. सरांनी कोऱ्या कागदावर एकमेकांत अडकलेली तीन वर्तुळं काढली: कुटुंब, मालकी, धंदा. टागिउरी आणि डेव्हिस यांनी 1978 साली हार्वर्डमध्ये मांडलेली ही आकृती. तिच्यात 7 कप्पे पडतात. ज्याने-त्याने आपलं नाव लिहायचं.

मी मधोमध. बहीण कुटुंबात आणि मालकीत, पण धंद्याबाहेर. धाकट्याची बायको हिशेब सांभाळते, मालकी मात्र शून्य. नफा वाटायचा की धंद्यात परत घालायचा, यावरून बहिणीशी होणारी खडाखडी मी तिच्या हट्टी स्वभावाच्या खात्यावर टाकत आलो होतो. तिच्या कप्प्यातून पाहिलं तर लाभांश हाच तिचा धंद्याशी एकमेव संबंध. पन्नाशीत कळलं, काय म्हणायचं!

बाबांना सरांनी विचारलं, "गल्ल्यावरून उठल्यावर सकाळी दहाला काय कराल?" बाबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

तक्रारही आहे. सरांची शिकवायची सवय जात नाही. तासाभराच्या बैठकीत चाळीस मिनिटं व्याख्यान. कुटुंब-संहितेचा, म्हणजे घरच्यांनी धंद्याबद्दल आपसात ठरवायच्या नियमांचा, मसुदाही सरळसरळ साच्यातला, दुसऱ्या घराचे चार मुलगे त्यात तसेच राहिलेले. शिवाय ती संहिता म्हणजे नैतिक करार, कायद्याने बांधणारा भागधारकांचा करार वकिलाकडून वेगळा करावा लागतो, हे शेवटच्या बैठकीत सांगितलं.

पाचपैकी चार तारे. पुढच्या बैठकीला बहीणही येतेय.