डोमेन रिन्यूअलच्या नावाखाली ८६,४९० रुपये गेले, डेव्हलपर लोकांनी तरी वाचा

खोटे मेल कसे येतात ते सगळ्यांना माहितीये, ते सांगत बसत नाही. मी कोथरूडला बसून लोकांच्या वेबसाइटी सांभाळतो, आणि आता जो तो मलाच विचारतोय की तू तर यातलाच ना, तू कसा फसलास.

लक्ष्मी रोडवरच्या एका साडीच्या दुकानाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, माझ्याकडे आहे. ऐन दिवाळीच्या तोंडावर त्याच्या रिन्यूअलचा मेल आला, नाव बरोबर, मुदत संपायची तारीखही बरोबर, रक्कम जीएसटी धरून १,४१६. डोमेनच्या नोंदीत मालकाचं नाव लपवलं तरी ती तारीख कुणालाही बघता येते, त्यामुळे तारखेवरून मेल खरा धरू नका.

सगळ्यात जास्त जळफळाट होतो तो पुढच्या गोष्टीचा. मेलमधल्या लिंकवरून पान उघडलं, तर पासवर्ड मॅनेजरने, म्हणजे पासवर्ड साठवून आपोआप भरणाऱ्या अ‍ॅपने, लॉगिन भरलंच नाही. चौकटीत क्लिक केलं की एरवी खाली माझं युजरनेम येतं, तिथे काहीच नाही, कारण पत्त्याचं शेपूट वेगळं होतं. मॅनेजर लोगो बघत नाही, पत्ता जुळवतो. तो गप्प बसला तिथेच टॅब बंद करायला हवा होता, पण मी पासवर्ड कॉपी करून चिकटवला. का, तर खऱ्या साइटींनीच ही सवय लावलीये, लॉगिन एका पत्त्यावर, पेमेंट दुसऱ्या, ओटीपीचं पान तिसऱ्याच, मॅनेजर रोज कुठे ना कुठे गप्प बसतोच, माणसाने प्रत्येक वेळी थांबायचं का?

ओटीपीच्या मेसेजमध्ये ४८,९९० लिहिलं होतं. फोनवर नोटिफिकेशनमध्ये कोड कॉपी करायचं बटण वर येतं आणि रक्कम अर्धी कापलेली. मेसेज उघडून पूर्ण वाचा, प्रत्येक वेळी. पेजवर 'फेल झालं, परत प्रयत्न करा' आलं, दुसऱ्या ओटीपीला ३७,५०० गेले.

ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी कुलूप होतं का असं विचारू नका. त्यासाठी लागणारं सर्टिफिकेट फुकटात मिळतं, आणि समोरचा चोर आहे का साव हे त्यावरून कळत नाही. क्रोमने २०२३ मध्ये ते कुलपाचं चिन्ह काढून टाकलं ते लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आत. बँक म्हणते ओटीपी तुम्हीच दिला, निष्काळजीपणा तुमचा, विषय संपला. चौकीत म्हणे हद्द आमची नाही, बँकेची शाखा जिथे तिथे जा. अरे, १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ आहे, हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावीच लागते! ते सांगितलं तर साहेब जेवायला गेलेत. ज्या परदेशी कंपनीने तो पत्ता विकला तिला पुराव्यासकट मेल टाकला, यंत्राचं उत्तर आलं, पेज तसंच चालू. फिशिंगची, म्हणजे अशा खोट्या पानांची, तक्रार आली की कारवाई करायची हे एप्रिल २०२४ पासून डोमेन विकणाऱ्या कंपन्यांच्या आयकॅन या जागतिक संस्थेशी असलेल्या करारातच आहे, पण विचारणार कोण? सायबर हल्ला झाला की कंपन्यांनी ६ तासांत सरकारला कळवायचं असा आदेश आपल्याकडे २०२२ पासून आहे, आणि ज्याचे पैसे गेले त्याला साधं उत्तर किती तासांत द्यायचं ते कुणी ठरवणार की नाही?

बँकांना रिझर्व्ह बँकेने डॉट बँक डॉट इन वर यायला लावलं हे चांगलं झालं, निदान तिथे पत्ता बघून काहीतरी कळतं. लॉगिनला जिथे पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने लॉगिन) मिळते तिथे घ्या, ती खोट्या पत्त्यावर चालतच नाही. रिन्यूअल मेलमधून कधीच नको, पत्ता स्वतः टाइप करा.

बँकेकडे लेखी तक्रार दिलीये, ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार. अशीच केस असेल त्यांनी तो मेल रागाने डिलीट करू नका, हेडरसकट (मेल कुठून आला ते दाखवणाऱ्या ओळी) जपून ठेवा, पुराव्याला तोच लागतो.