चाळीस श्रेयांक, जे कुठेच जमा झाले नाहीत

बी.कॉम.ची चार सत्रं झाली आणि वडिलांच्या आजारपणात माझं शिक्षण सुटलं. नोकरी लागली, पण दोन वर्षांनी बढतीची वेळ आली तेव्हा पदवी आडवी आली. उरलेली दोन सत्रं नोकरी सांभाळून कशी करता येतील, म्हणून एका रात्री मी चौकशीचा ऑनलाइन फॉर्म भरला. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑनलाइन कोर्स विकणाऱ्या एका कंपनीचा फोन आला. त्या फोनपायी माझे ५४ हजार रुपये अडकले आणि एक अख्खं शैक्षणिक वर्ष वाया गेलं. शिक्षण अर्धवट सुटलेल्या कितीतरी जणांना असे फोन येत असतील, म्हणून जसं घडलं तसं लिहिते आहे.

फोनवरच्या मुलीने माझी गुणपत्रिका मागवून घेतली आणि गणित मांडलं. "मॅडम, तुमची पदवी १२० श्रेयांकांची, म्हणजे क्रेडिट्सची. ८० तुमच्याकडे आहेतच. उरलेले ४० आमच्या पार्टनर कॉलेजांकडून ऑनलाइन करा. ते तुमच्या क्रेडिट बँकेत जमा होतील आणि तुमचं विद्यापीठ पदवी देईल." प्रत्येकी ४ श्रेयांकांचे १० कोर्स, सहा महिन्यांत सगळं पूर्ण. श्रेयांक ७ वर्षंच टिकतात, तुमची काही वर्षं गेलीच आहेत, तेव्हा उशीर करू नका, असंही तिने बजावलं.

मी डोळे मिटून पैसे दिले नाहीत. ही क्रेडिट बँक, म्हणजे विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा राहतात ती अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स (एबीसी), खरोखर आहे का ते पाहिलं. आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये तिचे नियम काढले. श्रेयांक जास्तीत जास्त ७ वर्षं ग्राह्य राहतात हेही त्यात आहे. निम्मे श्रेयांक पदवी देणाऱ्या संस्थेतच मिळवलेले हवेत, हा नियमही सापडला, आणि माझे तर दोन तृतीयांश तिथलेच होते. मुलीचं गणित नियमात चपखल बसत होतं. माझी चूक नेमकी इथे झाली. तिच्या बोलण्यातलं जे जे मला तपासता आलं ते खरं निघालं, म्हणून जे तपासलं नाही तेही मी खरं धरलं.

फी एकरकमी झेपणार नव्हती. "नो कॉस्ट ईएमआय आहे, महिना फक्त ४,५०० रुपये," ती म्हणाली. आधार, पॅन, बँकेचा तपशील मागितला, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगायला लावला. मला वाटलं, कॉलेजच्या फीचेच हे हप्ते. खरं तर त्या ओटीपीने माझ्या नावावर एका वित्त कंपनीचं १२ महिन्यांचं कर्ज निघालं होतं आणि कोर्सवाल्यांना पूर्ण रक्कम सुरुवातीलाच मिळाली होती. त्यामुळे शिकवणं कसंही असो, मी कोर्स सोडो किंवा न सोडो, हप्ता चालूच राहणार होता. थांबवला असता तर माझाच सिबिल स्कोअर बिघडला असता.

कोर्स म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेली व्याख्यानं. परीक्षा घरबसल्या, २० वस्तुनिष्ठ प्रश्न, चुकलं तर लगेच पुन्हा द्यायची सोय. कॉस्ट अकाउंटिंगसारखा विषय मी एका रविवारी संपवला. तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती, पण ओळीने प्रमाणपत्रं येत गेली. प्रत्येकावर पार्टनर कॉलेजचं बोधचिन्ह आणि खाली "४ श्रेयांकांच्या समकक्ष". तो "समकक्ष" शब्द मी वाचला आणि पुढे गेले.

दहाही प्रमाणपत्रं घेऊन विद्यापीठाच्या परीक्षा विभागात गेले. खिडकीवरच्या वयस्कर गृहस्थांनी ती उलटून पाहिली आणि विचारलं, "ताई, एबीसी खात्यात किती दिसतात?" मी मोबाइलवर खातं उघडलं. माझी जुनी चार सत्रं होती. पुढे काही नाही.

त्यांनी जे समजावलं ते मला आधी कोणी सांगायला हवं होतं. त्या बँकेत विद्यार्थ्याला स्वतः काही भरता येत नाही. प्रमाणपत्र दाखवून श्रेयांक जमा होत नाहीत. ते नोंदणीकृत शिक्षणसंस्थेनेच टाकावे लागतात. आणि टाकले तरी ते माझ्या बी.कॉम.मध्ये धरायचे की नाहीत, हे माझं विद्यापीठ ठरवणार. त्यांनी शेवटी विचारलं, "कोर्स घ्यायच्या आधी इथे विचारलं होतं का?" मी विचारलं नव्हतं. सगळी चौकशी मी विकणाऱ्याकडे केली होती, जिथे ते श्रेयांक चालवायचे तिथे एकदाही गेले नव्हते.

मग प्रमाणपत्रावरच्या कॉलेजलाच फोन लावला. तिथल्या बाईंनी आधी विषयच ओळखला नाही. चौकशी करून दोन दिवसांनी कळवलं, की त्या कंपनीशी करार आहे, पण तो विद्यार्थ्यांच्या कौशल्य कार्यशाळांचा. श्रेयांकांचा त्यात उल्लेख नाही. म्हणजे "पार्टनर" हा शब्द खोटा नव्हता, पण ती भागीदारी माझ्या पदवीच्या काही कामाची नव्हती.

कंपनीकडे पैसे परत मागितले तर अटींमधलं एक कलम दाखवलं गेलं: श्रेयांक स्वीकारणे सर्वस्वी संबंधित विद्यापीठाच्या अखत्यारीत. परताव्याची मुदत लॉगिन झाल्यापासून ७ दिवस. पैसे भरले त्याच संध्याकाळी लॉगिन करून घ्यायला त्या मुलीने तीनदा फोन का केला, ते तेव्हा उमगलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. पैशांपेक्षा घरी काय सांगायचं याचा घोर जास्त होता. वडील अजून अंथरुणावर होते आणि पदवीच्या बातमीची वाट पाहत होते.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवली. त्यानंतर कंपनीचे फोन सुरू झाले, तक्रार मागे घ्या म्हणून. शेवटी १८ हजार परत आले. उरलेल्या रकमेसाठी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. निकाल अजून लागायचा आहे.

ऑनलाइन कोर्स करून पदवीला श्रेयांक मिळवण्याचा सरळ रस्ता मला नंतर त्याच खिडकीवर कळला. केंद्र सरकारच्या स्वयम् मंचावरचे कोर्स मोफत शिकता येतात, पैसे फक्त परीक्षेचे. अंतिम परीक्षा घरी नाही, केंद्रावर जाऊन द्यावी लागते. स्वयम् साठीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषय असे करता येतात, तेही विद्यापीठाने मान्य केलेलेच. म्हणजे अख्खी दोन सत्रं बाहेरून ऑनलाइन उरकण्याचा जो बेत मला विकला गेला, तो या वाटेनेही होण्यासारखा नव्हता. आता मी पाचव्या सत्राला रीतसर प्रवेश घेतला आहे. दोन विषय स्वयम् वर करते आहे, पण आधी विभागाकडून त्या दोन्ही कोर्सच्या नावांसकट, सही-शिक्क्याचं मान्यतापत्र घेतलं.

ज्यांनी असे पैसे आधीच भरले आहेत त्यांच्यासाठी एक तातडीची गोष्ट. फोनवरच्या आश्वासनांचा माझ्याकडे काहीच पुरावा नव्हता. व्हॉट्सॲपवर त्या मुलीने "श्रेयांक शंभर टक्के ट्रान्सफर होतील" असं लिहिलं होतं. वाद सुरू झाल्यावर पाहिलं, तर तिचे बहुतेक संदेश पुसले गेले होते. एकच शिल्लक राहिला, कारण मी तो कधीतरी बहिणीला दाखवायला स्क्रीनशॉट काढून पाठवला होता. आयोगातल्या माझ्या अर्जाला आज तोच जोडलेला आहे. तुमचे संदेश, पावत्या, कर्जाचा करार आणि जाहिरातीचं पान आजच जपून ठेवा, परतावा मागण्याच्या आधी.