बिनहवेचे टायर: आठ महिने, एक पावसाळा, दोन तुटलेले आरे

सोलापुरात सायकल चालवणाऱ्याला वेडी बाभूळ कोणती हे सांगावं लागत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीला माझं रोजचं जाणं-येणं १४ किलोमीटर, त्यातला शेवटचा तुकडा काट्यांतूनच. जानेवारीत पाचव्यांदा पंक्चर काढताना मामा घमेल्यात ट्यूब बुडवत म्हणाले, "आता महिन्याचा पासच काढा!" त्या रात्रीच २६ इंची बिनहवेच्या टायरांची जोडी मागवली; यात ट्यूब नाही, आत नुसता भरीव फोम.

चढवताना दोघांचा घाम निघाला. टायर गरम पाण्यात टाकला, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळला, शेवटी मामांच्या गुडघ्यानं काम केलं. घेणार असाल तर आधी रिमची आतली रुंदी मोजा. ढिला टायर वळणावर निसटू शकतो.

पहिला महिना राजासारखा गेला. घरी येऊन पायरीवर बसायचं, पक्कडीनं काटे उपसायचे, बस्स. मग पाय बोलायला लागले. कंपनीच्या अलीकडच्या उतारावर पायडल थांबवलं की सायकल पूर्वी गेटपर्यंत घरंगळायची, आता चहाच्या टपरीपाशीच दम सोडते. दाबलेली हवा घेतलेला जोर बहुतेक परत देते, हा फोम त्यातला बराच गिळतो. वजनही जास्त: घरच्या काट्यावर जुना टायर ट्यूबसकट ९०० ग्रॅम, नवा साडेबाराशे.

हादऱ्यांचं काय सांगू! मनगटांना मुंग्या, डब्यातली आमटी पिशवीत. डनलॉपनं १८८७-८८च्या सुमारास पोराच्या तीनचाकीला हवेची नळी का बसवली, ते मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. पाचव्या महिन्यात मागच्या चाकाचे दोन आरे तुटले. मामांचं म्हणणं, टायरनं न घेतलेला दणका आऱ्यांनी घेतला. मला पटलं.

पावसात हवेच्या टायरची थोडी हवा कमी केली की पकड वाढते. इथे कमी काय करणार? जुलैत ओल्या डांबरावर पुढचं चाक सरकलं, कोपर सोललं. दुसऱ्याच दिवशी पुढे जुना टायर परत आला. हातांना लगेच आराम पडला.

मागचा मात्र काढलेला नाही. माझी पंक्चर बहुतेक मागच्याच चाकाला व्हायची. आणि दुसरी पाळी रात्री अकराला सुटते, तेव्हा मामांचं दुकान बंद असतं.