व्हॅसल, आठ महिन्यांनंतर: पंख्याचा प्रश्न सुटला, फाशाचा नाही

व्हॅसल म्हणजे पटावरचे खेळ कॉम्प्युटरवर खेळायचं सॉफ्टवेअर. परवा रात्री त्यावरच्या युद्धखेळात फाशाने माझ्या जर्मनांची रसद समुद्रात बुडवली आणि पाचच मिनिटांत आमची लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी मेलेली. नवी २,८०० सांगतात, म्हणून वायर लावूनच चालवतो. व्हॅसलमध्ये लॉग, म्हणजे चालींची नोंद, बंद केल्याशिवाय फाइल बनत नाही, म्हणजे अख्खी चाल गेली. लाईट आल्यावर पुन्हा फासा टाकला, तर रसद सुखरूप पोचली! लातूरच्या मामेभावाला फाइल पाठवली आणि फोनवर मीच बावळटासारखं सगळं सांगून बसलो.

"दादा, लाईट बरोब्बर रसद बुडाल्यावरच गेली व्हय?"

गड्ड्याच्या जत्रेपासून आम्ही १९६४ चा 'आफ्रिका कोर्प्स' हा दुसऱ्या महायुद्धाचा पटावरचा खेळ असा मेलवर खेळतोय. पुठ्ठ्याचा डबा माझ्याकडे आहे, पण सोलापुरात एप्रिलमध्ये पंखा बंद करून कोण बसणार? आणि पंखा लावला की अर्ध्या इंचाच्या सोंगट्या उडून अख्खी पलटण कॉटखाली. चादरीला चिकटपट्टीसुद्धा लावून पाहिली. स्क्रीनवर जर्मन सेनापती रोमेल जागचा हलत नाही, वर सगळं फुकट.

सुरुवातीला वैतागलो होतो. नकाशा, सोंगट्या, फासे मिळतात, पण नियम तुम्हीच पाळायचे, आणि कॉम्प्युटर समोर बसून खेळत नाही. रोमेलबरोबर निघालेल्या तुकडीला दोन घरं जास्त मिळतात. आधीच्या डावात जर्मन भावाकडे होते, तेव्हा त्याने तीन घेतली तरी व्हॅसल गप्प. मार्चमध्ये दोनच स्टार दिले असते. मग ट्रिपलए हे दुसरं सॉफ्टवेअर पाहिलं. तो नियम पाळायला लावतो, कॉम्प्युटरही खेळतो, पण खेळ सगळे 'ॲक्सिस अँड अलाइज' या एकाच युद्धखेळाच्या जातीचे. व्हॅसलला कुठलाच खेळ कळत नाही, म्हणून तर त्यात इतके मावतात. शिवाय लॉग एकेक पाऊल पुढे सरकवत बघता येतो. ते तिसरं घर मी तसंच पकडलं. तर नियमांची तक्रार मागे घेतो.

फाशाची नाही. लॉग सुरू करा, फासा टाका, आकडा वाईट आला तर लॉग टाकून द्या आणि परत सुरू करा. समोरच्याला पत्ताही लागत नाही. दोघं एकाच वेळी ऑनलाइन असले तर आकडा दोघांनाही चॅटमध्ये दिसतो, पण भावाची रात्रपाळी. मी मुद्दाम केलं नव्हतं हो, पण लाईट गेल्याचा पुरावा आणायचा कुठून?

शेवटी रसद बुडालीच असं धरलं. आता दहा रुपयांचा खरा फासा, स्टीलची वाटी आणि व्हिडिओ कॉल. आकडा मी हाताने चॅटमध्ये लिहितो. काल भाऊ म्हणतो, "वाटी जरा कॅमेऱ्याकडं वाकव की."