बढतीवर नजर की कामात गोडी: रोजचा हुरूप कशावर टिकवायचा?

पगारवाढ, बोनस किंवा बढती डोळ्यांपुढे ठेवून झटणं हा एक मार्ग. आपलं काम आणि कौशल्य किती पुढे सरकतंय यावर लक्ष ठेवणं हा दुसरा. यातला कुठला धरायचा ते कामाच्या जातीवर ठरतं.

विक्री, पॅकिंग, नोंदी भरणं अशा मोजता येणाऱ्या कामात पहिला मार्ग चांगला चालतो. किती केलं की किती मिळणार हे आधीच ठाऊक असतं आणि हिशेब लवकर हातात पडतो. धोका एकच, पण मोठा: जे मोजलं जातं तेवढंच वाढतं. कॉल सेंटरमध्ये कॉलच्या संख्येवर बोनस लावला की कॉल घाईत आटोपले जातात. प्रश्न न सुटलेला ग्राहक पुन्हा फोन करतो आणि तोही नवा कॉल म्हणून मोजला जातो. आकडा फुगतो, तक्रार तिथेच राहते.

डोकं चालवायच्या कामात बक्षीस उलटूही शकतं. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ साली विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. एका गटाला मधल्या सत्रात दर कोड्यामागे एक डॉलर मिळाला. पुढच्या सत्रात पैसे थांबले, तेव्हा मोकळ्या वेळात तो गट कोड्यांकडे आधीपेक्षा कमी वळला. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांना चित्रं काढणाऱ्या लहान मुलांमध्ये असंच दिसलं. प्रशस्तिपत्रक मिळेल असं आधी सांगितलेल्या मुलांची गोडी नंतर ओसरली. ज्यांना ते अचानक मिळालं, त्यांची टिकली. बक्षिसाची अट आधी घातली की आवडीचं कामही ‘त्यासाठी करायचं’ काम होऊन बसू शकतं.

बढतीची आशा वाजवी आहे का, हे तपासायला मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर व्रूम यांची १९६४ सालची मांडणी फार उपयोगी आहे. तिच्यात तीन गोष्टींचा गुणाकार आहे: मेहनतीने काम साधेल का, साधलं तर बक्षीस मिळेल का, आणि ते आपल्याला हवं आहे का. समजा, काम साधण्याची शक्यता १० पैकी ८ आणि त्यानंतर बढती मिळण्याची १० पैकी ३. गुणाकार येतो ०.२४, म्हणजे चारातून जेमतेम एक संधी. बहुतेकांची गल्लत दुसऱ्या आकड्यात होते. काम उत्तम झालं म्हणजे बढती ठरलीच असं ते धरून चालतात. पण जागा रिकामी आहे का, बजेट किती, वरच्या बैठकीत आपली बाजू कोण मांडणार, यातलं काहीच आपल्या हातात नसतं.

दुसरा मार्ग या चढउतारांवर अवलंबून नाही, हे त्याचं बळ. पण लांब पल्ल्याच्या कामात प्रगती दिसेनाशी होते आणि हुरूप गळतो. त्यावर उपाय साधा आहे: आठवड्याच्या शेवटी दहा मिनिटं काढून तीन ओळी लिहा. काय पूर्ण केलं, त्याचा कुणाला उपयोग झाला, काय नवीन जमलं. ‘खूप काम केलं’ असं लिहून काही हाती लागत नाही. ‘अहवालाला दोन दिवस लागायचे, आता अर्धा दिवस लागतो’ असं लिहा. या मार्गाचा याहून मोठा धोका म्हणजे ‘आवडीचं काम आहे ना’ म्हणत कंपनीनं कमी पगारात राबवून घेणं. गोडी हा मोबदल्याला पर्याय नाही. आपल्या पदाचा चालू पगार वर्षातून एकदा तरी तपासायलाच हवा.

आमचा कौल असा: रोजच्या हुरूपासाठी दुसरा मार्ग, वर्षाच्या हिशेबासाठी पहिला. निव्वळ कमिशनवर चालणारं काम मात्र याला अपवाद. तिथे रोजचा आकडाच धरा.

वार्षिक मूल्यमापनाच्या तीन-चार महिने आधी वरिष्ठांना विचारा: “पुढच्या पदासाठी माझ्या कामात नेमकं काय दिसायला हवं, आणि निर्णय कोण घेतं?” मूल्यमापनाच्या बैठकीतच हे विचारलं तर उशीर होतो, कारण तोवर नावं बहुधा ठरलेली असतात. जे उत्तर मिळेल ते त्याच दिवशी मेलवर लिहून पाठवा आणि साप्ताहिक नोंदी त्याच मुद्द्यांखाली लावत जा. सलग दोन वर्षं ‘बघू, करत राहा’ एवढंच ऐकायला मिळालं तर व्रूमच्या गुणाकारातला दुसरा आकडा, म्हणजे बढती मिळण्याची शक्यता, शून्य धरा. मग आजचा पगार आणि आजचं काम एवढ्यावरच इथे राहणं परवडतं का, ते ठरवा.