‘लेगो मार्व्हल सुपर हीरोज’: आठ महिने, दोन कंट्रोलर

हा व्हिडिओ गेम २०१३ चा, लेगोच्या विटांनी बनलेल्या मार्व्हलच्या सुपरहिरोंचा. पुढच्याच उन्हाळ्यात मी आणि धाकट्या भावाने तो झपाटल्यासारखा खेळून काढला होता: १५ लेव्हल, दहा दिवस. मग डिस्क कपाटात गेली ती गेलीच. आठ महिन्यांपूर्वी लेक म्हणाली, “आई, तू आणि मी मिळून खेळू असं काहीतरी लाव ना.” तेव्हा ती शोधून काढली. आता लेक आठ वर्षांची आहे, आणि रविवारची सकाळ आमची ठरलेली आहे.

आधी मला मनापासून आवडलेलं सांगते. कॅरम खेळताना मी मुद्दाम हरले की तिला लगेच कळतं आणि ती रुसते. इथे मला तसं काही करावंच लागत नाही. कॅरेक्टर मेलं की त्याच्या विटा विखुरतात, थोडे स्टड, म्हणजे गेममधली नाणी, सांडतात आणि ते तिथेच पुन्हा उभं राहतं. ‘गेम ओव्हर’ नाही, पहिल्यापासून सुरुवात नाही. मी माझ्या वेगाने खेळते, ती तिच्या. शिवाय दोघींची एकमेकींवाचून अडते. पहिल्याच लेव्हलमध्ये, सँडमॅनने ग्रँड सेंट्रल स्टेशनवर धुमाकूळ घातलेला असतो तिथे, जड वस्तू हल्कनेच उचलायच्या आणि चंदेरी विटा आयर्न मॅनच्या रॉकेटनेच फोडायच्या. तिला कायम हल्क हवा असतो. पण हल्कला कॉम्प्युटर चालवता येत नाही, त्यासाठी त्याचा ब्रूस बॅनर करावा लागतो. हे तिने माझ्याआधी शोधलं. त्या दिवशी फोनवर आजीला पहिली बातमी हीच मिळाली.

स्टडचं तर विचारूच नका. चंदेरी १०, सोनेरी १००, निळा १,००० आणि जांभळा १०,०००. शाळेत दशक-शतकाशी झटापट चालू होती, इथे मात्र जांभळा दिसला की “दहा हजार!” म्हणत ती त्याच्यामागे धावते. खांब, बाक, कुंड्या, काही म्हणता काही शिल्लक ठेवत नाही. सुरुवातीला मी “पुढे चल, पुढे चल” करत होते. दुसऱ्या महिन्यात ते सोडून दिलं, आणि तेव्हापासून खेळायला खरी मजा यायला लागली.

पडदा दुभागण्याबद्दल मात्र मत बनवायला वेळ लागला. दोघी जवळ असलो की एकच चित्र, लांब गेलो की मध्ये तिरपी रेघ येते आणि आपण हलू तशी ती फिरते. पहिले काही दिवस माझं डोकं गरगरलं. पण लेगो गेमच्या मालिकेतल्या सुरुवातीच्या गेममध्ये दोघांना एकाच चौकटीत राहावं लागायचं आणि पुढे जाणारा मागच्याला ओढायचा. त्यापेक्षा ही रेघ शतपटीने बरी. टीव्ही लहान असेल तर त्रास होईल, एवढं लक्षात ठेवा.

उडणं खरोखर अवघड आहे. लेव्हलच्या मधल्या वेळात अख्खं मॅनहॅटन मोकळं मिळतं. वर तरंगणाऱ्या हेलिकॅरिअरवरून खाली उडी मारायची, हा लेकीचा सगळ्यात आवडता उद्योग. पण आयर्न मॅनला हव्या त्या उंचीवर नेऊन नेमक्या गच्चीवर उतरवणं माझ्याही हाताला अजून साधलेलं नाही. उडत्या शर्यती आल्या की ती कंट्रोलर माझ्याकडे देते, आणि मीही हरते.

मराठी माध्यमातल्या मुलांच्या पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सूचना इंग्रजीत आहेत आणि संवाद भरभर अमेरिकन उच्चारात. विटांची माणसं पडतात-धडपडतात ते मुलांना कळतं, पण अर्धे विनोद बोलण्यात आहेत. मी शेजारी बसून सांगते, म्हणून तिला गोष्ट लागते: सिल्व्हर सर्फर ज्या फळीवरून उडतो ती फुटली, तिच्या विटांमागे खलनायक डॉक्टर डूम लागला, वगैरे. एवढ्या वयाच्या मुलांना एकट्याने खेळायला देऊ नका, सोबत बसा.

ऑनलाइन मिळून खेळायची सोय नाही, दोघांनी एकाच टीव्हीसमोर बसायचं. मला हे हवंच होतं. पण भाऊ आता दुसऱ्या गावी असतो, तो सुट्टीत येतो तेव्हाच आमच्यात सामील होतो. मधूनच दुसरा कंट्रोलर उचलायचा आणि खेळायला लागायचं, पुन्हा ठेवून जेवायला जायचं, काही अडत नाही. २०२१ पासून हा गेम निन्टेंडो स्विच या कन्सोलवरही मिळतो. कशावरही घ्या, दुसरा कंट्रोलर आधी घ्या.

गोष्ट आमची चौथ्या महिन्यातच संपली. पण संपलेल्या लेव्हल ‘फ्री प्ले’मध्ये वेगळी कॅरेक्टर घेऊन पुन्हा खेळता येतात आणि आधी न पोचलेल्या जागा तेव्हा उघडतात. प्रत्येक लेव्हलमध्ये शोधून गोळा करायचे १० मिनिकिट असतात आणि संकटात सापडलेले एक स्टॅन लीही, म्हणजे मार्व्हलच्या कॉमिक्सचे प्रसिद्ध लेखक. त्यांचा आवाज स्वतः स्टॅन ली यांचा आहे. २०१८ मध्ये ते गेले, त्यामुळे मला आता तो ऐकताना भरून येतं. लेकीला ते कोण हे ठाऊक नव्हतं, तिच्यासाठी ते ‘आजोबा’. नवी लेव्हल लावली की आधी आजोबांना सोडवायचं, मग बाकीचं, हा तिचा नियम. लेव्हलमधले शेवटचे दोन आजोबा राहिलेत. त्यांतले एक कुठे अडकलेत ते दिसतंय, पण तिथवर उडत जावं लागणार आहे.